नंदीच्या पायथ्याची वायनरी

या स्मरणिकेत बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे इतिहास आहेत. कोणाची पहिली लेथ कुठल्या शेडमध्ये बसली, पहिली ऑर्डर कोणाकडून आली, बँकेचे कर्ज कसे फिटले, हे सारे त्यात आले आहे. त्यांच्या शेजारी एका वायनरीचा इतिहास कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. दोड्डबळ्ळापूर तालुक्यातल्या रघुनाथपुराची ग्रोव्हर वायनरी पीण्याच्या हद्दीत नाही. बेंगळुरूच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर, देवनहळ्ळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, नंदी डोंगरांच्या पायथ्याशी ती आहे. पण ती ज्यांनी काढली ते गृहस्थ यंत्रांच्या धंद्यातले होते, आणि ती ज्या रीतीने उभी राहिली ती रीत पीण्यातल्या कुठल्याही शेडवाल्याला आपलीच वाटेल. शिवाय या मळ्यात जे शिकले गेले ते पुढे आपल्या इगतपुरीपर्यंत, बारामतीपर्यंत पोहोचले. म्हणून तिचा इतिहास इथे मराठीत नोंदवून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

पीण्याची वसाहत १९७०च्या दशकात आकाराला आली. तिच्या आधी जलहळ्ळीला एचएमटी होती, बीईएल होती. १९५३ साली सुरू झालेल्या एचएमटीला तंत्रज्ञान मिळाले ते स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीकडून. म्हणजे आल्प्सच्या देशाशी या भागाची पहिली ओळख लेथच्या रूपाने झाली. त्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवता पुरवता पीण्यातली छोटी वर्कशॉपे वाढली आणि बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडची माणसे पुणे-बेंगळुरू रस्त्याने इकडे येऊन स्थिरावली. मायक्रॉनचा हिशेब बोलणाऱ्या या परिसरात द्राक्षाचा विषय निघायला आणखी काही वर्षे जायची होती.

कंवल ग्रोव्हर यांचा व्यवसाय यंत्रसामग्रीचा, पुढे अवकाश-तंत्रज्ञानाशी संबंधित उपकरणांचाही. कामानिमित्त फ्रान्सला वरचेवर जाणे होई. तिथल्या जेवणाच्या टेबलावर वाइन असायची आणि ती त्यांच्या मनात भरली. अशी आवड पुष्कळांना लागते आणि बाटल्या विकत घेण्यावर थांबते. ग्रोव्हरांनी मात्र विचारले की ही द्राक्षे भारतात का पिकू नयेत? हा प्रश्न १९७०च्या दशकाच्या अखेरचा आहे. तेव्हा आपल्याकडे उत्तम द्राक्ष म्हणजे थॉमसन सीडलेस आणि त्यातून निघालेले वाण. तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेल्या तास-ए-गणेशचा बोलबाला त्याच सुमारास होऊ लागला होता. ही सगळी खायची द्राक्षे. वाइनच्या द्राक्षांचा गंभीर अनुभव देशात जवळजवळ कोणाकडेच नव्हता.

ग्रोव्हरांना वाटाड्या मिळाला तो शॅम्पेन प्रांतातला. जॉर्ज व्हेसेल हे म्युम या प्रसिद्ध शॅम्पेन कंपनीच्या मळ्यांचे तांत्रिक प्रमुख आणि बुझी गावाचे महापौर. बुझीचे नाव शॅम्पेनमध्ये मोठे आहे, तिथल्या उतारांवरचे काळे पिनो न्वार द्राक्ष अव्वल दर्जाचे मानले जाते. अशा गावाचा माणूस भारतात येऊन माती हातात घेऊन बघतो, हीच त्या काळात नवलाची गोष्ट. दोघांनी मिळून ३५ फ्रेंच वाण वेगवेगळ्या जमिनींत आणि हवामानांत लावून पाहिले. जवळजवळ नऊ वर्षे हे चालले.

या नऊ वर्षांवर मी मुद्दाम थांबतो. पीण्यात नवीन पार्ट हाती घेतला की पहिला नग तपासणीत पास झाल्याशिवाय लॉट चालू करत नाहीत, आणि पास व्हायला आठवडा लागला तरी मालक अस्वस्थ होतो. वेलीचा पहिला नग मिळायलाच तीन वर्षे लागतात. लागवड झाली, वेल तारेवर चढली, पहिले घड आले, की मग त्या घडांचा रस काढायचा, आंबवायचा, निवळू द्यायचा आणि चाखायचा. वाण चुकला असेल तर वेल उपटायची आणि पुन्हा तीन वर्षे. घाई करण्याजोगे त्यात काही नाही. विक्रीचा एक रुपया न येता एका व्यावसायिकाने एवढा काळ काढला, हे मला या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम वाटते. पुढची पदके आणि परदेशी वाहवा या नऊ वर्षांच्या पोटातून आली.

चाचण्यांचा कौल नंदीच्या बाजूने पडला.

नंदीदुर्गाचा माथा १,४७८ मीटर उंच आहे. पूर्वी ब्रिटिश अधिकारी उन्हाळ्यात तिथे राहायला जात, त्यांच्यापैकी कबन यांचा बंगला अजून उभा आहे. गांधीजींनी प्रकृतीसाठी १९२७ आणि १९३६ साली तिथे मुक्काम केला होता. या डोंगररांगेतून अर्कावती, पालार, उत्तर आणि दक्षिण पिनाकिनी अशा नद्या उगम पावतात. मळा मात्र माथ्यावर नाही, तो पायथ्याच्या पठारावर साधारण ९२० मीटर उंचीवर आहे. पीण्याही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे, म्हणून इथे राहणाऱ्याला त्या उंचीचे विशेष वाटत नाही. नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे, सांगली त्याहून खाली. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. विषुववृत्तापासून अवघ्या १३ अंशांवर असलेल्या या जागेला ही तीनशे मीटरची बढतीही फार उपयोगी पडते.

उपयोग कसा, ते थोडे उलगडून सांगतो. द्राक्ष पिकताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : साखर वाढते आणि आंबटपणा कमी होतो. रात्र उबदार असली तर वेलीचा श्वासोच्छ्वास जोरात चालतो आणि घडातले मॅलिक आम्ल त्यात खर्च होते. मग साखर भरपूर, पण रस सपक. रात्र थंड असली तर आम्ल टिकते आणि सालीतला रंग व सुवास सावकाश भरत जातो. खायच्या द्राक्षाला गोडी आली की काम झाले. वाइनच्या द्राक्षाला गोडीसोबत आंबटपणाचा कणा लागतो, तो नसेल तर वाइन जिभेवर टिकत नाही आणि बाटलीतही टिकत नाही. नंदीच्या पायथ्याला हिवाळ्याच्या रात्री गार असतात आणि दिवसा स्वच्छ ऊन मिळते. जमीन ग्रॅनाइट-नाईसच्या झिजेतून झालेली तांबडी, खडीमिश्रित, पाण्याचा चटकन निचरा करणारी. मुळांशी पाणी साचले तर फळ फुगते आणि चव पातळ होते. इथे तो धोका कमी.

जगात डोंगरी वाइन म्हटली की आल्प्सचे नाव पुढे येते. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, मों ब्लाँ शिखराच्या छायेत मॉर्झे आणि ला साल ही दोन गावे आहेत. तिथले मळे ९०० ते १,२०० मीटर उंचीवर आहेत, म्हणजे खालचा मळा अगदी आपल्या दोड्डबळ्ळापूरच्या उंचीचा. तिथे प्रिए ब्लाँ नावाचे पांढरे द्राक्ष होते. वेली जमिनीपासून कमरेएवढ्या ठेंगण्या मांडवावर पसरलेल्या असतात, म्हणजे जमिनीत मुरलेली दिवसाची ऊब रात्री घडांना मिळते आणि बर्फाने व वाऱ्याने मांडव कोलमडत नाही. फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपभरचे मळे उद्ध्वस्त केले, पण त्या उंचीवर ती पोहोचली नाही. त्यामुळे तिथल्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, त्यांना अमेरिकी खुंटावर कलम करावे लागले नाही. या वाइनला मान मिळावा म्हणून मॉर्झेच्या चर्चचे पाद्री अलेक्झांड्र बुझा यांनी आपल्या हयातीत खटपट केली आणि १९८३ साली छोट्या शेतकऱ्यांची सहकारी वायनरी तिथे उभी राहिली. वीत-वीतभर तुकड्यांचे मालक एकत्र येऊन डोंगरावरची शेती टिकवतात, ही गोष्ट सहकाराच्या मुलखातून आलेल्या आपल्याला लगेच कळते. स्वित्झर्लंडच्या व्हाले खोऱ्यात व्हिस्परटर्मिनेन गावाचे मळेही अकराशे मीटरच्या वर चढतात. दगडी पायऱ्या-पायऱ्यांनी बांधलेले ते उतार पाहिले की साल्हेर-मुल्हेरच्या वाटा आठवतात.

उंची सारखी असली तरी आल्प्समधली आणि नंदीची अडचण एकमेकींच्या उलट आहे. मॉर्झेला उन्हाळ्यातला दिवस पंधरा तासांच्या पुढे जातो, पण उन्हाळाच तोकडा. हिवाळ्यात वेल पानगळ करून पूर्ण झोपते आणि वसंतात आपसूक जागी होते. शेतकऱ्याची सारी धडपड फळ थंडीआधी पिकवण्याची. इथे १३ अंशांवर वर्षभर दिवस बारा तासांच्या आगेमागे. थंडी अशी नाही की वेल झोपेल. तिला मोकळी सोडली तर ती बारमाही वाढत राहील आणि घड केव्हाही, कसेही येतील.

तिला शिस्त लावते ती छाटणी. आपल्या द्राक्ष बागाईतदारांना हे सांगायला नको, पण पीण्यात राहणाऱ्या पुढच्या पिढीसाठी लिहितो. वर्षात दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी : सगळ्या काड्या एक-दोन डोळे ठेवून मागे कापायच्या. त्यातून नवी फूट येते आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात घडाचा गर्भ ठरतो. त्या दिवसांत आभाळ झाकोळलेले राहिले तर डोळे वांझ निघतात आणि ते कळते थेट पुढच्या हंगामात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी : गर्भ असलेल्या डोळ्यांपर्यंत काडी राखून बाकी छाटायची. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावायचे. तिथून चार-साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणी. अवघड भाग असा की बेंगळुरूच्या भागात सर्वाधिक पाऊस नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. फळछाटणी लवकर केली तर कोवळ्या फुटीवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, फार लांबवली तर पिकणे उन्हाळ्यात जाते आणि थंड रात्रींचा फायदा बुडतो. फ्रान्समधून आलेल्या तज्ज्ञांना हे दोन छाटण्यांचे गणित नवे होते. ते त्यांना इथल्या मळ्यातच शिकावे लागले.

द्राक्ष या भागाला परके होते असे मात्र नाही. बेंगळुरू ब्लू नावाचे जांभळे, बियांचे, जाड सालीचे द्राक्ष चिक्कबळ्ळापूर, कोलार आणि बेंगळुरू ग्रामीण भागात दीडशे वर्षांपासून पिकते आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याचा वास अमेरिकी द्राक्षाच्या वळणाचा. रस-सरबताला ते उत्तम, पण फ्रेंच धाटणीच्या वाइनला तो वास चालत नाही. तरी त्याने एक मोठी गोष्ट करून ठेवली होती : इथल्या शेतकऱ्याच्या हाताला वेल बांधायची, छाटायची, फवारायची सवय होती. ग्रोव्हरांना माणसे घडवावी लागली, पण कोऱ्या पाटीपासून नव्हे.

आपल्यालाही हा मुलूख नवखा नाही. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्यासोबत आलेल्या शहाजीराजांना बेंगळुरूच्या जहागिरीत होसकोटे, कोलार, शिरे यांच्याबरोबर दोड्डबळ्ळापूरही मिळाले होते. नंदीच्या पायथ्याला मराठी बोलली गेली ती पीण्याच्या तीनशे वर्षे आधी.

१९८८ साली सुमारे ४० एकरांवर मळ्याची रीतसर उभारणी झाली आणि १९९२ मध्ये पहिली वाइन बाजारात आली. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, सोव्हिन्यों ब्लाँ, व्हिओनिए ही नावे तेव्हा बेंगळुरूच्या दुकानदारालाही उच्चारता येत नसत. अडचणी होत्या त्या मळ्याबाहेर जास्त. वाइनला कायद्याने वागवले जाई ते दारूसारखे. दर राज्याचे अबकारी नियम वेगळे, लेबलची नोंदणी वेगळी, परवाना वेगळा. उन्हाळ्यात ट्रकमधून आणि पत्र्याच्या गोदामातून जाणारी वाइन ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत उकडून निघे. व्हिस्कीला त्याने काही होत नाही, वाइन मात्र मरते. बाटली आडवी आणि थंड जागी ठेवायची असते, हे सांगण्यातच पहिली कित्येक वर्षे गेली असणार.

या काळात मळ्याचा आणि तळघराचा भार ज्यांनी वाहिला त्यांत अभय केवडकर हे नाव आपण विसरू नये. ग्रोव्हरचे मुख्य वाइनमेकर म्हणून त्यांनी दीर्घ काळ काम केले. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून बोर्दोचे मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून येऊ लागले. जगभरच्या वायनऱ्यांना सल्ला देणारा हा माणूस. द्राक्ष पूर्ण पिकू द्या, उतारा कमी ठेवा, खराब मणी हाताने वेचून काढा आणि मग वेगवेगळ्या टाक्यांतली वाइन चाखून मिश्रण ठरवा, हा त्यांचा आग्रह सर्वत्र सारखाच. पण सल्लागार वर्षातून काही दिवस येतो. उरलेले सगळे दिवस टाकीपाशी उभा राहतो तो इथला माणूस. रोलाँच्या नावाने बाटली विकली गेली, हे व्यापाराच्या दृष्टीने बरोबरच होते. इतिहास लिहिताना मात्र टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव आधी लिहावे, असे मला वाटते.

ती टाकी म्हणजे काय, हे पीण्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याला बघताक्षणी कळेल. दुधाच्या आणि औषधाच्या कारखान्यांना लागते तशीच स्टेनलेस स्टीलची उभी टाकी, आतून आरशासारखे बफिंग, सांधे आर्गॉन वेल्डिंगचे, बाहेरून थंड पाणी किंवा ग्लायकोल फिरवायचे जॅकेट. तोडणी भल्या पहाटे सुरू होते, घड ऊन चढायच्या आत क्रेटमधून आत येतात. यंत्र देठ वेगळे करते आणि मणी हलके चिरडते. तांबड्या वाइनसाठी रस, साल, बिया सगळे एकत्र टाकीत जाते, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. यीस्ट कामाला लागले की कार्बन डायऑक्साइडच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो. तो कोरडा पडला तर बिघडतो, म्हणून टाकीच्या तळाचा रस पंपाने वर घेऊन त्या थरावर फवारतात, दिवसातून दोनदा तरी. हात लावला तर टाकी कोमट लागते. तापमान तिशीच्या वर जाऊ दिले तर सुवास उडून जातो, आणि फारच चढले तर यीस्ट मरते व साखर अर्धवट राहते. पांढऱ्या वाइनसाठी साली आधीच पिळून काढतात आणि नुसता रस पंधरा-सोळा अंशांवर हळू आंबवतात. उष्ण देशात वाइन शक्य झाली ती या जॅकेटमुळे. डोंगराने रात्र थंड दिली आणि यंत्राने टाकी थंड ठेवली.

यातून जी वाइन नावारूपाला आली ती ला रिझर्व्ह : कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझचे मिश्रण, फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवलेले. २००५ साली लंडनच्या डिकँटर मासिकात स्टीव्हन स्परियर यांनी नव्या जगातल्या तांबड्या वाइनमध्ये तिला सर्वोत्तम ठरवले. हे स्परियर म्हणजे १९७६ साली पॅरिसमध्ये आंधळी चाखणी घडवून कॅलिफोर्नियाच्या वाइनला फ्रेंचांच्या वर नेऊन ठेवणारे. भारतात वाइन होते हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना दोड्डबळ्ळापूर नकाशावर शोधावे लागले.

महाराष्ट्रातली कहाणी याच काळात समांतर चालली होती. श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडेज उभी केली आणि फ्रेंच पायपर-हाइडसीकच्या तांत्रिक साहाय्याने १९८०च्या दशकात ओमर खय्याम ही फसफसणारी वाइन परदेशी पाठवली. पहिला मान त्यांचा, आणि ती कंपनी पुढे कर्जात बुडाली म्हणून तो पुसला जाऊ नये. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, अबकारी करात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. कर्नाटकाचे असे धोरण २००७ मध्ये आले, त्यात नंदी खोऱ्याला वाइनचा प्रदेश म्हणून ओळख मिळाली. सहा वर्षांचा हा फरक लहान नव्हता. तेवढ्या काळात नाशिक देशाची वाइन-राजधानी होऊन बसली. जागा नंदीची आधी सापडली, पण सरकारी पाठबळ नाशिकला आधी मिळाले. उद्योगाच्या भवितव्यात धोरणाचा वाटा केवढा असतो, हे पीण्यातल्या लघुउद्योजकांना वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राची बाजारपेठ सर्वांत मोठी, आणि परराज्यातून येणाऱ्या वाइनवर तिथे कराचा ज्यादा भार. या पार्श्वभूमीवर २०१२ मध्ये ग्रोव्हर व्हिनयार्ड्स आणि इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावची व्हॅले द व्हँ, म्हणजे झाम्पा ब्रँडची वायनरी, एकत्र झाल्या आणि ग्रोव्हर झाम्पा हे नाव रूढ झाले. कंवल ग्रोव्हर यांचे पुत्र कपिल यांनी कारभार या वळणापर्यंत आणला होता.

सांजेगाव म्हणजे सह्याद्रीची ऐन कूस. पावसाळ्यात इगतपुरीला जो पाऊस कोसळतो त्याची कल्पना तिथल्या माणसालाच. पण ऑक्टोबरनंतर आभाळ निवळते, डोंगरावरून गार वारा उतरतो आणि जानेवारीतल्या रात्री नंदीपेक्षाही थंड पडतात. झाम्पाची सोआरे ही फसफसणारी वाइन याच थंडीची देणगी. ती शॅम्पेनच्या पारंपरिक रीतीने होते : एकदा आंबवलेली पांढरी वाइन थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरायची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबू द्यायची, फेस आतच कोंडला जातो. मग कित्येक महिने यीस्टच्या गाळावर पडू द्यायची. शेवटी बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करायच्या, गाळ बुचाशी आणायचा, मानेतला गाळ गोठवून उडवायचा आणि नवे बूच ठोकायचे. जॉर्ज व्हेसेल हे मुळात शॅम्पेनचे. त्यांनी ज्या संस्थेचा पाया घातला तिने अखेर शॅम्पेनच्या रीतीची वाइन करावी आणि ती सह्याद्रीत करावी, हा योग मला फार भावतो.

पुढच्या काही वर्षांत दिंडोरी तालुक्यातली चारोसा आणि बारामतीजवळच्या रोटीची फोर सीझन्स या वायनऱ्याही ग्रोव्हर झाम्पाकडे आल्या. फोर सीझन्स मुळात यूबी समूहाची, आणि तिची उभारणी केली होती ती ग्रोव्हरमधून तिकडे गेलेल्या अभय केवडकर यांनीच. दोड्डबळ्ळापूरला जे शिकले ते त्यांनी बारामतीच्या माळावर नेले, आणि काही वर्षांनी तो माळ दोड्डबळ्ळापूरच्या घरात आला. ग्रोव्हर घराण्यातल्या तिसऱ्या पिढीच्या करिश्मा ग्रोव्हर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत वाइनचे शास्त्र शिकून इथे वाइनमेकर म्हणून काम केले. आजोबांच्या वेळी हे ज्ञान फ्रान्सहून पाहुणे बोलावून मिळवावे लागले होते.

आजची काळजी वेगळी आहे. २००८ साली देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि रघुनाथपुराच्या आजूबाजूच्या जमिनीचे भाव शेतीच्या हिशेबाबाहेर गेले. प्लॉट पडत आहेत, बोअर खोल जात आहेत, ज्या शेतात बेंगळुरू ब्लू होते तिथे कुंपणाच्या भिंती दिसतात. मॉर्झेच्या शेतकऱ्यांना त्यांच्या उतारांवर दुसरे काही करता येत नव्हते, म्हणूनही त्यांचे मळे वाचले. नंदीच्या पायथ्याला मात्र काहीही करता येते आणि द्राक्षापेक्षा त्याचा पैसा जास्त मिळतो. नऊ वर्षे आणि ३५ वाण खर्चून शोधलेली ही जमीन घरांच्या योजनांखाली गेली तर तशी दुसरी मिळणार नाही. नंदीच्या भोवतीची शेती शेती म्हणूनच राखण्याचा आग्रह कर्नाटक सरकारकडे धरला पाहिजे, आणि त्यात आपल्यासारख्या शहरवासीयांनीही आवाज मिसळला पाहिजे. पाण्याचाही प्रश्न आहेच. ठिबक आले, तरी बोअरच कोरडी पडली तर ठिबक काय करणार?

पीण्याहून मळा पाहायला जायचे असेल तर जलहळ्ळी, येलहंका करत दोड्डबळ्ळापूरचा रस्ता धरावा, आणि शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी लवकर निघावे. वाइन न घेणाऱ्यांनीही जावे. चाखणीच्या खोलीत शिरण्याआधी मळ्यात नेण्याची विनंती करावी, छाटलेल्या काडीवरचे डोळे जवळून पाहावेत, कॅबर्नेचा एखादा मणी मागून तोंडात टाकावा. थॉमसनच्या मानाने तो वाटाण्याएवढा, सालीला जाड, बियांनी भरलेला आणि गोडीच्या मागोमाग जीभ आवळणारा लागेल. मग टाक्यांकडे वळावे आणि सोबतच्या मुलांना वेल्डिंगचा सांधा दाखवावा.